पहिली वेलांटी, दुसरा उकार

"विद्यापीठाच्या, पी दुसरी, नूतन, नू दुसरा, कुलगुरूंनी, कु पहिला, रू दुसरा, रूवर अनुस्वार, आज, पुणे, पु पहिला, येथे, स्वल्पविराम..."

हा पाठ मी पहिल्यांदा ऐकला तो १९८४च्या जूनमध्ये, पुण्यातल्या एका दैनिकाच्या मुद्रितशोधन विभागात. मी बावीस वर्षांची होते, मराठी घेऊन नुकतीच बी. ए. झाले होते. लांबलचक टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर माणसं बसलेली. एकीच्या हातात बातमीची मूळ कॉपी, दुसरीच्या हातात गॅलीचं, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या लांब पट्टीचं, ओलसर प्रूफ. मूळ कॉपी मोठ्याने वाचणारी ती कॉपीहोल्डर, आणि ते ऐकत प्रूफावर खुणा करणारी ती मुद्रितशोधक. अशा चार जोड्या एकाच खोलीत, एकाच वेळी वाचत असत. पहिल्या दिवशी मला वाटलं, इथे कुणाला काही ऐकू कसं येतं? आठवड्याभरात कान तयार झाला. शेजारच्या जोडीचा महापालिकेचा अर्थसंकल्प कानाबाहेर राहायचा आणि आपल्या जोडीदाराची वेलांटी तेवढी आत यायची.

माझी जोडीदार माझ्याहून पुष्कळ मोठी होती. सगळा विभाग तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "अर्थात गुंतू नकोस. अर्थात गुंतलीस की डोळा पुढचं अक्षर आपणच भरून घेतो, आणि चूक सुटते." म्हणून तिचा आवाज सपाट असे. शाळेच्या गॅदरिंगची बातमी असो की घाटातला अपघात, चाल तीच. आकडे ती एकेक करून वाचायची, एक, नऊ, सात, दोन. माणसांच्या नावाशी थांबायची आणि मी मान हलवल्याशिवाय पुढे जायची नाही.

त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला आम्ही पहाटेपर्यंत बसलो होतो. इंदिरा गांधींच्या हत्येच्या बातम्या एकामागून एक खाली येत होत्या. ताई वाचत होती, "पंतप्रधान, श्रीमती, श्री दुसरी, ती दुसरी, इंदिरा..." चौथ्या की पाचव्या गॅलीला तिचा आवाज थांबला. तिने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला, आणि म्हणाली, "श्रीमती, श्री दुसरी." त्या रात्री आमच्या टेबलावरून गेलेल्या मजकुरात एकही चूक राहिली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी अंक घेऊन घरी शब्दन् शब्द तपासला होता.

ताई दोन वर्षांनी निवृत्त झाली. तिच्या जागी कुणी आलं नाही. मग दुसऱ्या कॉपीहोल्डरची जागा गेली, मग तिसऱ्याची. डावीकडे मूळ कॉपी, उजवीकडे प्रूफ, आणि मान इकडून तिकडे फिरवत आम्ही एकेकट्या वाचू लागलो. कुणी मोर्चा काढला नाही. कॉपीहोल्डर नावाचं पद नाहीसं होतंय हे वर्तमानपत्रात छापून येण्यासारखं कुणाला वाटलं नाही, वर्तमानपत्रातच ते घडत असूनही.

या धंद्यात मी आले ती अप्पांमुळे. अप्पा, म्हणजे माझे वडील, सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. लोक कंपोझिटर म्हणत, पण ते स्वतः 'खिळे जुळवतो' असंच सांगायचे. पंधराव्या वर्षी, १९४९ साली, ते केसपुढे उभे राहिले. केस म्हणजे खणाखणांचा उथळ लाकडी ट्रे. इंग्रजी जुळाऱ्याचं भागतं त्याच्या कितीतरी पट खण मराठीला लागतात, कारण क आला की क्त, क्ष, क्र, अर्धा क् हे सगळे नातेवाईक आले. मात्रा, रफार, अनुस्वार यांचे खण वेगळे. अप्पांसमोर आणि दोन्ही बाजूंना मिळून केशींची एक अर्धवर्तुळाकार भिंतच असे. डाव्या हातात खिळे रचायची स्टिक, उजवा हात न बघता खणात जाणार, खिळ्याच्या अंगावरची खाच अंगठ्याला लागली की तो सुलटा धरलाय हे कळणार. जुळवलेला मजकूर डोक्यावर उभा राहिल्यासारखा दिसतो. त्यामुळे अप्पांना उलटं वाचायची इतकी सवय होती की मी जमिनीवर पसरून पेपर वाचत असले की ते समोर बसून, माझ्या विरुद्ध बाजूने, माझ्याआधी पान संपवत.

खिळे शिसं, अँटिमनी आणि कथलाचे. जेवायच्या आधी अप्पा साबणाने दोनदा हात धूत, तरी बोटांच्या पेरांतली करडी रेघ जात नसे. आई रोज त्यांच्या डब्यात गुळाचा खडा ठेवायची. शिशावर गूळ चांगला, अशी तिची श्रद्धा. मात्रेचे आणि रफाराचे खिळे पुढे झुकलेले, नाजूक. ट्रेडल छपाईयंत्राचा दाब जरा जास्त पडला की मात्रेचा शेंडा मोडायचा आणि 'ने'चा 'न' होऊन जायचा. छापून झालं की जुळवून बांधलेला फर्मा सोडवून प्रत्येक खिळा धुऊन ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. नवख्या पोराला आधी वर्षभर हेच काम देत, कारण हात खणांना सोडतानाच शिकतो.

आमच्या घरात वर्ष दिवाळी अंकांनी मोजलं जायचं. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी छापखान्यांना एक हंगाम मिळाला. श्रावण लागला की जादा काम सुरू. अप्पा रात्री अकराला घरी येत आणि त्यांच्या पिशवीत बाद झालेली गॅली प्रुफं असत. माझ्या वह्यांना ती कव्हरं म्हणून लागत. मराठीतल्या कितीतरी कथा मी दिवाळीच्या दीड महिना आधी, भूगोलाच्या वहीच्या कव्हरावर, शेवट नसलेल्या अशा वाचल्या आहेत. दसऱ्याला आमच्याकडे कपडे यायचे ते त्या जादा पैशांतून. आजही ऑगस्ट ते ऑक्टोबर हे तीन महिने किती चित्रकार, किती मुद्रितशोधक, किती मांडणीकार यांची वर्षाची बेगमी करतात, हे अंक हातात घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

अप्पांना शिकलेलं एकदा मोडून परत शिकावं लागलं ते १९६२मध्ये. शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि 'नांव', 'आंत', 'कांहीं' यांच्या डोक्यावरचे उच्चार नसलेले अनुस्वार गेले. तेरा वर्षं बोटांना लागलेली सवय. ते सांगायचे, "पहिले सहा महिने हात आपणहून अनुस्वाराकडे जायचा. आणि तो खण भरलेला दिसायला लागला, तेव्हा पटलं की खरंच बदललं." व्याकरणातला एवढा मोठा निर्णय माझ्या वडिलांना एका खणात न संपणाऱ्या खिळ्यांवरून समजला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. याच्या उलटही झालेलं आहे. खिळ्यांनी भाषेला आपल्यासारखं वागायला लावलं. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून स्वतः बसून आखणी केली होती. यंत्रावर मराठी जुळवायचं तर इतकी चिन्हं परवडणार नाहीत, हे त्यांना दिसत होतं. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली अ-ची बाराखडी 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' या मासिकांनी वर्षानुवर्षं चालवली. आमच्या आत्याकडे जुने गठ्ठे होते, त्यात मी 'अुद्या' आणि 'अितिहास' वाचलंय, आणि शाळेत तसं लिहून मारही खाल्लाय.

नोकरीत माझी पहिली पाच-सात वर्षं झाल्यावर मला या सगळ्याच्या मागे जावंसं वाटू लागलं. बापूराव नाईकांचं 'भारतीय ग्रंथमुद्रण' ग्रंथालयातून आणलं आणि ते परत करायला मला चार महिने लागले. त्यानंतर जे मिळेल ते वाचत गेले. त्यातली काही माणसं माझ्या मनात कायमची बसली आहेत.

गोव्यात छापखाना आला १५५६ साली. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली तिथेच छापलं गेलं. भाषा मराठी, ओवी मराठी, आणि लिपी मात्र रोमन, कारण नागरी खिळे पाडणारं कुणी नव्हतं. खिळा नसेल तर भाषेला दुसऱ्याचे कपडे घालावे लागतात, हे तेव्हापासूनचं. नागरी खिळ्यांत मराठी छापली जायला एकोणिसावं शतक उजाडलं. १८०५ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमध्ये, विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण निघालं. मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला आणि तिथे टॉमस ग्रॅहॅम यांनी नागरी अक्षरांना घाट दिला. तोवर मराठीत पुस्तक म्हणजे हाताने उतरवलेली पोथी. ती उतरवून देणं हा धंदा होता, त्यावर घरं चालत होती. पंचांगाच्या नकला करणारे तर दरवर्षीचे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत स्वतः यंत्र जुळवून, स्वतः शाई घोटून छपाई सुरू केली आणि छापील पंचांग काढलं. शाईत चरबी असणार म्हणून सोवळ्यातली माणसं ते हातात घ्यायला तयार नव्हती. मग तुपाची शाई केल्याच्या हकिकती सांगतात. काही वर्षांत हात नाखुशीने का होईना पुढे आले. पंचांग नकलणाऱ्यांचं काय झालं ते कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नाही. मी मुद्दाम शोधलं होतं.

जावजी दादाजी याच काळातले. जन्म १८३९चा. पोरवयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागले. ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडा साफ करायच्या, एवढंच काम. पण ते करताना त्यांनी ओतकाम पाहिलं, अक्षरं ओतायच्या मातृका पाहिल्या, कोणत्या अक्षराची कड कुठे जाड राहते हे बोटांनी ओळखलं. १८६४मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली, राणोजी रावजी आरू यांच्यासारखा पंच कोरणारा कसबी माणूस सोबत घेतला, आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. पुढे संस्कृत ग्रंथ म्हणजे निर्णयसागरची प्रत असं समीकरण देशभर झालं. ते केवळ खिळ्यांच्या सौंदर्याने झालं असं मला वाटत नाही. तिथे प्रुफं वाचायला शास्त्री बसत. काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर ही नावं त्या ग्रंथांच्या शीर्षकपानावर छापलेली आहेत, प्रकाशकाच्या नावाच्या वर. ज्याने पाठ तपासला त्याचं नाव वाचकाला सांगायलाच हवं, कारण त्या नावावर विसंबून तो पुस्तक घेणार, हा त्यामागचा विचार. आमच्या घराण्याचा मूळपुरुष कोण, असं मला कुणी विचारलं तर मी पणशीकरशास्त्र्यांकडे बोट दाखवीन.

वर्तमानपत्रात तपासणाऱ्याचं नाव कधीच नव्हतं. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची ओळ असते. १८६७च्या कायद्याने ती सक्तीची केली आणि २०२३मध्ये तो कायदा बदलला तरी ती चालू आहे. सरकारला कुणाला पकडायचं ते त्या ओळीवरून कळावं, हा तिचा उगम. जुळारी आणि मुद्रितशोधक त्या ओळीत नसतात. पण दुसऱ्या एका कायद्यात आम्ही होतो. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकार कोण, त्याची यादी होती. संपादक, अग्रलेखक, उपसंपादक, वार्ताहर, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार, आणि शेवटी मुद्रितशोधक. नोकरीच्या पहिल्या महिन्यात ताईने मला ते पान दाखवलं होतं. तिच्या पर्समध्ये त्याची घडी घातलेली प्रत असे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अप्पा त्या यादीत नव्हते, जुळारी हा बिगरपत्रकार कर्मचारी. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग आता चूक सोडू नकोस."

अप्पांचा छापखाना १९८७च्या मे महिन्यात बंद झाला. दैनिकं ऑफसेटवर गेली होती, फोटोटाइपसेटिंगच्या ब्रोमाइड पट्ट्या कापून पानावर चिकटवायचं काम करणारे पेस्टर हे त्या वेळचे तेजीतले लोक होते, आणि लग्नपत्रिकांवर एक छापखाना किती दिवस तगणार? मालकांनी खिळे भंगारात किलोवर द्यायचं ठरवलं. केशी रिकाम्या करायला शेवटचे पंधरा दिवस अप्पांना ठेवलं. सगळे खिळे एका पोत्यात ओतायचे, ते वितळवलेच जाणार होते. अप्पांनी तसं केलं नाही. पायका मापाचा वेगळा, ग्रेट मापाचा वेगळा, मात्रा वेगळ्या कागदात, रफार वेगळ्या. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने नाव. भंगारवाल्याने त्या पुड्या त्यांच्यासमोर एका पोत्यात टाकल्या. अप्पा घरी आले, दोनदा हात धुतले, आणि त्यानंतर त्यांनी गूळ खाल्ला नाही.

ते त्रेपन्न वर्षांचे होते. पुढे सात वर्षं त्यांनी एका बाइंडरकडे फॉर्म मोडायचं, म्हणजे छापलेल्या कागदांच्या घड्या घालायचं काम केलं. तिथेही पान उलटं धरून वाचत आणि चुका दिसल्या की समासात पेन्सिलीने खूण करून ठेवत. मालक वैतागायचा. एकदा त्यांनी एका पाठ्यपुस्तकातला चुकलेला सनावळीचा आकडा बांधणी व्हायच्या आधी असा धरून दिला होता. त्याचे पैसे त्यांना मिळाले नाहीत, कारण घड्या घालणाऱ्याच्या मजुरीत वाचण्याचा दर नसतो.

माझ्या सगळ्या नोकरीत मी जे परतपरत पाहिलं ते हेच. कॉपीहोल्डर गेल्यावर मूळ कॉपीशी ताडून पाहणं संपलं नाही, ते माझ्या मानेवर आलं. जुळारी गेल्यावर अक्षरं जुळवायची राहिली नाहीत असं झालं नाही, ती टंकलेखनाच्या वर्गातून आलेल्या मुली जुळवू लागल्या. डीटीपी ऑपरेटर हे नवं नाव, पगार जुळाऱ्याहून कमी. मग १९९८च्या सुमारास आमचा मुद्रितशोधन विभागच मोडला. उपसंपादकाने आपली बातमी आपणच पडद्यावर वाचावी असं ठरलं. उरलेल्या आम्हा तिघींना पान लावायला बसवलं. आता वार्ताहर स्वतः टाइप करतो, स्वतः फोटो काढतो, मोबाइलवर चित्रफीत कापतो, शीर्षक देतो, आणि रात्री एक वाजता वाचकाने दाखवलेली चूक पांघरुणातून दुरुस्त करतो. पाच माणसांचं काम त्याच्याकडे आलं, आणि त्यातल्या चौघांचा पगार वाटेत कुठेतरी राहिला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२मध्ये 'दर्पण' काढलं तेव्हाही बहुतेक सगळं एकट्याच्या अंगावर होतं असं कुणी म्हणेल. पण 'दर्पण' आधी पाक्षिक होतं, मग साप्ताहिक. दर दहा मिनिटांनी बातमी द्या असं त्यांना कुणी सांगत नव्हतं.

विभाग मोडल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. निधनवार्तांचा रकाना होता. पान सुटायला सहा मिनिटं होती, मी पानही लावत होते आणि वाचतही होते. वारलेल्या वडिलांच्या जागी मुलाचं नाव पडलं होतं, आणि 'त्यांच्या पश्चात' नंतर वडिलांचं. मी ते वाचलं, आणि अर्थात गुंतले. डोळ्याने बरोबर तेच वाचलं जे असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्या घरी फोन आले, एक नातेवाईक हार घेऊन दारात उभे राहिले. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मुलगा चाळिशीचा होता, आईला धरून बसला होता. तो मला काही बोलला नाही. त्याच्या आईने विचारलं, "तुमच्याकडे हे वाचणारं कुणी नसतं का?" मी म्हटलं, मीच. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत निधनवार्ता बोट ठेवून, ओठ हलवून, ताईच्या चालीत वाचली.

संगणकाने आमच्या चुकांची जातच बदलली. पुण्यात सी-डॅक १९८८मध्ये स्थापन झालं, भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट तंत्रज्ञान आलं, पुढे पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी घरोघरच्या डीटीपीवाल्यांकडे पोचली. या माणसांचे मराठीवर उपकार आहेत आणि ते पुरेसे मानले गेलेले नाहीत. पण प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी. एका फॉन्टातला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणांचा चिवडा दिसे. मग युनिकोड आलं, आणि वीस वर्षांचा जुना मजकूर त्यात ओतायचं काम निघालं. मी तेव्हा संकेतस्थळाच्या टेबलावर होते. परिवर्तकातून बाहेर आलेल्या एका लेखात सह्याद्रीच्या 'दऱ्या' होत्या त्या सगळ्या 'दर्या' झाल्या होत्या, डोंगरात समुद्र. य-ला जोडून येणारा हा चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीत हवाच, नाहीतर आचाऱ्यास द्यायची दक्षिणा आचार्यास जाते. अप्पांच्या केशीत त्याला स्वतंत्र खण होता. युनिकोडमध्ये तो उमटवायला ऱ घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो, आणि निम्म्या लोकांना ते आजही ठाऊक नाही. पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी वळण शासनाने २०२२च्या निर्णयात पुन्हा सांगितलं, पण फॉन्ट निवडणाऱ्याला ते कुणी दाखवायचं? असं दाखवणारं माणूस पूर्वी टेबलापलीकडेच बसलेलं असे.

मी निवृत्त झाले एप्रिल २०२०मध्ये. टाळेबंदी होती, पेपर दारोदार टाकण्यावरही बंधन आलं होतं, निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी मी घरूनच काम केलं आणि संध्याकाळी सातला पासवर्ड चालेनासा झाला.

त्यानंतरचं काम मला अनपेक्षित दिशेने आलं. मराठीत बोलती पुस्तकं निघू लागली होती आणि ध्वनिमुद्रण तपासायला त्यांना माणूस हवं होतं. वाचक स्टुडिओत वाचतो, मी घरी कानाला लावून ते ऐकते, समोर मूळ पुस्तक धरते, आणि जिथे शब्द सुटला, बदलला, चुकीचा उच्चारला गेला तिथे मिनिट आणि सेकंद लिहून ठेवते. पहिल्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात माझ्या लक्षात आलं की हे कॉपीहोल्डरचं काम आहे, फक्त ताईच्या जागी नट बसलाय. एकटीने मान फिरवत वाचण्याच्या तीस वर्षांनंतर मला परत एक आवाज मिळाला. इथे वेलांटी कुणी सांगत नाही, पण 'जरा थांब' मधला जरा आणि 'जरा-मरण' मधली जरा यांतला ज वेगळा लागतो का, ते ऐकावं लागतं. लिपी हा फरक दाखवत नाही. अलीकडे काही मजकूर यंत्राच्याच आवाजात वाचलेला येतो. ते यंत्र दमत नाही, अडखळत नाही, आणि दोन्ही जरा सारख्याच म्हणतं. तो मजकूरही 'तपासून द्या' म्हणून माझ्याकडे पाठवतात. दर मात्र निम्मा सांगतात, कारण त्यांच्या मते वाचलंय यंत्राने, मला नुसतं ऐकायचंय. मी तो दर घेत नाही. यंत्राचं ऐकताना जास्त जागं राहावं लागतं. माणूस चुकायच्या आधी श्वास घेतो, आणि तो श्वास मला सावध करतो.

माझी भाची रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकते. रविवारी जेवायला येते. या दिवाळीआधी तिने विचारलं, "मावशी, खरं सांग, या क्षेत्रात माझ्यासाठी काही उरणार आहे का?" मी तिला पणशीकरशास्त्री सांगितले, जावजी सांगितले, अप्पांच्या पुड्या सांगितल्या. काम उरणार, याची मला शंका नाही. वाचकाला जोवर आपल्या घरातलं नाव बरोबर छापलेलं हवं आहे तोवर ते उरणार. कोणाच्या नावावर उरणार आणि त्याचा दर काय, याची मला काळजी आहे, आणि ती मी तिच्यापासून लपवली नाही. तिला मी चिन्हं शिकवते आहे, समासातली जुनी, हाताने काढायची. तिचे वर्गमित्र प्रूफ म्हणजे लाल रेघ समजतात. संगणकाची लाल रेघ 'दर्या' खाली येत नाही, कारण तोही शब्द आहे.

गेल्या महिन्यात तिने एका संस्थेसाठी बारा लहान चित्रफिती कापून दिल्या. खालच्या ओळी यंत्राने उमटवल्या होत्या आणि त्या तिने माझ्याशेजारी बसून तीन संध्याकाळी दुरुस्त केल्या. एका शेतकरी बाईंचं गाव यंत्राने प्रत्येक वेळी वेगळं लिहिलं होतं. भाचीने त्यांना फोन करून विचारून घेतलं, आणि गावाच्या नावातली दुसरी वेलांटी वहीत लिहून ठेवली. बिल करताना तिने एकच ओळ लिहिली होती, चित्रफीत संपादन, बारा नग. मी ते तिला फाडायला लावलं. नव्या बिलात दुसरी ओळ घातली, मुद्रितशोधन, नऊ तास, आणि पुढे रक्कम. ती म्हणाली, असं कुणी लावत नाही गं मावशी. मी पहिल्या बिलाचा कागद उलटा करून त्याच्यावर तिला १९५५च्या कायद्यातली यादी लिहून दिली. नव्या कामगार संहितेतही ती यादी आलेली आहे, आता डिजिटल माध्यमासकट, आणि तिचा शेवटचा शब्द अजून तोच आहे.

बिल पाठवून तीन आठवडे झाले. पैसे आलेले नाहीत. परवा त्यांचा मेल आला, दुसऱ्या ओळीतलं काम नेमकं काय असतं ते जरा समजावून सांगा म्हणून. ती उत्तर लिहिते आहे. पहिला मसुदा माझ्याकडे वाचायला आलाय.